पहिलं चित्रपुस्तक मिळालंय, पण पहिल्याच जोडपानावर तीन आठवडे अडकलेय

खडपावरची रेघ (प्रश्न)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. सावर्ड्याला कला महाविद्यालयात शिकले, नंतर दोन वर्षं पुण्यात एका स्टुडिओत नोकरी केली आणि गेल्या फेब्रुवारीत घरी परत आले. तेव्हापासून स्वतंत्र काम करतेय. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, एका होमस्टेची भिंत, दोन लग्नपत्रिका, एका दिवाळी अंकाची चार रेखाटनं, एवढं झालं. आणि आता पुण्याच्या एका प्रकाशनाकडून पहिलं चित्रपुस्तक आलंय. 32 पानं, रंगीत. गोष्ट अशी की एक मुलगी आजीबरोबर पहिल्यांदा पहाटे बंदरावर मासळी आणायला जाते.

गोष्ट वाचून रडायला आलं होतं, इतकी आवडली. आणि तरीही तीन आठवडे मी पहिल्याच जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) आहे. चौदा रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, केलीत, एकही पटत नाही. त्यातलं बरं वाटलेलं सोबत जोडतेय.

दुसरं, त्यांनी एक रकमी मानधन सांगितलंय आणि मेलमध्ये लिहिलंय, "सर्व हक्क प्रकाशनाकडे राहतील, कृपया होकार कळवावा." अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती वाटते.

आणि घरी सगळे चांगलेच आहेत, पण मी टेबलाशी बसलेली दिसले की दळण, पोस्ट, पाहुणे हे सगळं माझ्याकडे येतं. पुण्याला परत जाणं हाच उपाय आहे का? इथे राहून हे काम वर्षानुवर्षं करणारं कुणी असेल तर कृपया सांगा, तुमचा दिवस कसा असतो, काम कसं पुढे सरकतं?

---

हर्णै बंदर

अभिनंदन! मी चित्रकार नाही, अक्षरलेखन आणि साइनबोर्ड करतो, त्यामुळे रफबद्दल बोलत नाही. फक्त एक सांगतो. मूळ चित्रं कौलाखाली उघडी ठेवू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची अर्धी कौलं उडाली आणि अकरा वर्षांचं काम एका दुपारी भिजलं. लाईट तर कित्येक दिवस नव्हती. आता जे कागदावर होतं ते त्याच दिवशी स्कॅन होतं, एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक चिपळूणला बहिणीकडे. मूळ कागद प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर.

---

कौलाखालची

बाय, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज चहा व्हायच्या आधी लिहायला बसले. मी वेंगुर्ल्याची. मुंबईत जाहिरात एजन्सीत सहा वर्षं काढून 2007 साली परत आले आणि तेव्हापासून याच घरात बसून चित्रं काढते. मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, माशांचे आणि झाडांचे तक्ते, मुखपृष्ठं. यावरच घर चालतं.

आधी तुझ्या चित्राबद्दल बोलते. तू जोडलेलं रफ मी मोठं करून पाहिलं. तुझी रेघ छान आहे, आजीची पाठ तर फारच छान वाकली आहे. पण टोपलीतला बांगडा आपला नाही. त्याच्या पाठीवर तू वरून खाली येणारे नागमोडी काळे पट्टे काढलेस. तो अटलांटिक समुद्रातला मॅकरेल. नेटवर इंग्रजीत शोधलं की तोच आधी समोर येतो. आपल्या बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे जातात, लांबीच्या दिशेने, आणि मासा अगदी ताजा असला तर त्या सोनेरी असतात. छातीच्या पराच्या खालच्या कडेला लागून एक काळा ठिपका. पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून चांगले लांब. आणि दुसऱ्या परानंतर शेपटीपर्यंत बारके बारके सुटे पर, वर पाच आणि खाली पाच.

मला हे कुठून कळलं ते सांगते. 2009 मध्ये एका शाळेच्या तक्त्यासाठी मी असाच नेटवरचा बांगडा काढला होता. बंदरावर एका ओळखीच्या मावशीला कौतुकाने दाखवला. तिने हात पुसून कागद धरला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो आमचो बांगडो नाय गो. असो मी जल्मात बघूक नाय." मग टोपलीतला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "ही सोन्याची रेघ बघ. मगे जातली." आणि खरंच, मी तिथेच बसून बघत राहिले. ऊन वर आलं तशी ती रेघ विझत गेली. आधी पितळेसारखी, मग मातकट, मग नुसता करडा. तेवढ्या वेळात मी काहीही काढलं नाही. तक्ता मात्र घरी येऊन पूर्ण नव्याने केला. त्याचे जादा पैसे कुणी दिले नाहीत आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तुझी चौदा रफ तू घरी टेबलाशी केलीस, बरोबर ना? मला वाटतं अडकण्याचं कारण तिथे आहे. मुलगी डावीकडे उभी की उजवीकडे, वरून बघायचं की समोरून, हेच तू पुन्हा पुन्हा फिरवते आहेस. पण टोपली जमिनीवर कशी टेकते, बर्फाचं पाणी कुठे वाहतं, लिलाव सुरू झाला की बायका कुठल्या बाजूला सरकतात, हे एकाही रेघेत आलेलं नसणार. तू देवगडची आहेस, हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं आहेस, म्हणूनच तुला वाटतं की ते येतं. मलाही वाटायचं.

मी काय करते ते सांगते, त्यातलं पटेल ते घे. पुस्तक हातात आलं की तीन-चार वेळा नुसती जाते. पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहते. दुसऱ्या दिवशी फक्त हात आणि पाय. चेहरे काढत नाही, कारण चेहरा काढायला लागलं की माणसं थबकतात, आणि काम करणाऱ्या माणसाला थबकवायचं नाही. तिसऱ्या दिवशी रंग, पण शब्दांत लिहून. "ओली वाळू म्हणजे ताकातला कोकम", "होडीची कड नीळ घातलेल्या सदऱ्याची." पहाटेच्या उजेडात कागदावर लावलेला रंग घरी आल्यावर वेगळाच दिसतो, शब्द मात्र तसेच राहतात. माझ्याकडे अशा एकतीस वह्या आहेत. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दोरावर पडणाऱ्या माणसांच्या पाठी काढायच्या होत्या तेव्हा मी दोन वर्षांपूर्वीची वही उघडली होती.

मग थंबनेल, म्हणजे काडेपेटीएवढी कच्ची चित्रं. 32 पानांत नावाचं पान, श्रेय वगैरे सोडून साधारण 14 जोडपानं उरतात. ती सगळी एका दिवसात, एकाच मोठ्या कागदावर, शेजारी शेजारी काढायची. पहिलं जोडपान पूर्ण करून मग दुसरं, असं करू नकोस. सगळी एकदम समोर दिसली की कळतं, लागोपाठ चार पानं गर्दीची झालीत, कुठेतरी नुसता समुद्र हवा. मी बहुतेक वेळा मधल्या पानापासून सुरुवात करते आणि पहिलं पान सगळ्यात शेवटी ठरतं. त्यानंतर साध्या कागदाची घडी घालून डमी, आणि ती डमी शेजारच्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवायची. मूल पान उलटायला कधी हात पुढे करतं ते बघ. आणि मधल्या घडीत आजीचा चेहरा येणार नाही एवढी काळजी घे. तुझ्या रफमध्ये तिचं नाक बरोबर शिलाईत जातंय.

आता पैसे. मी प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवते, गेली बारा वर्षं. मागच्या 32 पानी पुस्तकाला 236 तास लागले. त्यातले 98 बंदर, वही, थंबनेल, डमी आणि रफ यांचे. म्हणजे फायनलच्या कागदाला हात लावायच्या आधीच काम जवळजवळ चाळीस टक्के झालेलं होतं. प्रकाशकाला हे दिसत नाही कारण आपण ते दाखवत नाही. म्हणून मी पैसे तीन टप्प्यांत मागते. करार झाला की 30 टक्के, रफ मंजूर झाली की 30, फायनल दिल्यावर 40. काम मध्येच थांबलं तर तोवरचे टप्पे परत नाहीत. रफवर दोन फेऱ्या करेक्शन, फायनलवर एक, त्यापुढे वेगळं बिल. आणि "मानधन" हा शब्द त्यांनी लिहिला तरी तू बिलात "चित्रांची फी" असंच लिही. मान ते देतात, आनंद आहे, पण ही आपल्या कामाची किंमत आहे आणि ती तशीच म्हटली गेली पाहिजे, याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे.

हक्कांचं नीट वाच, कारण इथे मी फार मोठी किंमत मोजली आहे. 2011 मध्ये एका कंपनीच्या पुस्तिकेसाठी मी बारा मासे काढले. मेलवर त्यांनी असंच काहीतरी लिहिलं होतं आणि मी "ठीक आहे" एवढंच उत्तर दिलं. दोन वर्षांनी गोव्यात एका दुकानात ट्रेवर माझी सुरमई दिसली. मग कॅलेंडरवर, मग टी-शर्टवर. नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, पैसे पूर्ण दिलेत. वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी 1957 चा कॉपीराइट कायदा उघडून कलम 17 दाखवलं. पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा ठरू शकतो. मला वाटत होतं की चित्र माझ्या हातचं म्हणजे आपोआप माझंच. त्यानंतर सहा महिने मी मासा काढला नाही.

म्हणून त्या मेलला नुसता होकार देऊ नकोस आणि नकारही देऊ नकोस. सौम्य शब्दांत उत्तर लिही की या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीसाठी, छापील स्वरूपात, इतक्या वर्षांसाठी वापर देते. इतर भाषा, ई-पुस्तक, कॅलेंडर, वस्तू यांचं वेगळं ठरवू. चित्रांचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. मूळ कागद माझे. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर नाव. कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जातात. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी "हे चित्र मी काढलं" असं सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. तुझ्या भीतीबद्दल सांगायचं तर, गेल्या दहा वर्षांत मी हे पत्र बहुतेक प्रत्येकाला पाठवलं आणि त्यामुळे फक्त दोन कामं गेली. बाकीच्यांनी थोडं इकडेतिकडे करून मान्य केलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, ऑनलाइन फुकट होते. करारात काहीही लिहिलं तरी नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचं बिल 45 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. नोंदणी काम स्वीकारण्याआधीची हवी. मी बिलाच्या तळाला नोंदणी क्रमांक टाकायला लागले तेव्हापासून फोन कमी करावे लागतात.

पाऊस. याची सवय तुला पुण्यात मोडली असेल. जून ते सप्टेंबर इथे जलरंगाचा कागद हवेतलं पाणी पितो, त्याचं साइझिंग (रंग आत शिरू न देणारा लेप) मरतं आणि रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा थर, तासभर वाळत नाही. मी कागद लोखंडी कपाटात ठेवते, आत शून्याचा बल्ब सतत चालू आणि सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात शाईचं काम, डिजिटल काम आणि रफ. मोठे वॉश दिवाळीनंतर. पण दिवाळी अंकांची सगळी घाई नेमकी श्रावण-भाद्रपदात येते, त्यात चवथ, त्यात लाईट जाणार. म्हणून जुलैतच संपादकांना सांगून ठेवते की गणपतीच्या आधीचे सात दिवस मी मिळणार नाही. आमच्या आळीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मी डोळे आखायला बसते, आणि ते दिवस मी कुणालाही विकत नाही.

छपाईचा एक मुद्दा राहिला. जुलैतलं शेतीचं हिरवं छपाईत मरतं, सीएमवायकेला, म्हणजे छपाईच्या चार शायांना, तो झगमगता हिरवा देताच येत नाही. समुद्राचा हिरवट निळाही तसाच. त्यामुळे मी शेजारचा रंग उतरवते. हिरव्याच्या कडेला जांभ्याची वई (कुंपण) काढली, तीही ताज्या चिऱ्याची लाल नाही तर पावसाने काळवंडलेली, की तेच हिरवं पुन्हा उजळतं.

दळणाबद्दल. माझ्याकडे पडवीतलं टेबल होतं, त्यामुळे मी कायम "मोकळी". 2010 मध्ये माडीवर गेले आणि सासूबाईंना एक दिवस शेजारी बसवून एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सहाला त्या म्हणाल्या, "माका वाटला होता, पटकन होता." त्यानंतर नऊ ते एक मला कुणी हाक मारत नाही, त्याच मारू देत नाहीत. तुझ्या आईला एकदा असं बसव.

पुण्याला जायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण हे पुस्तक तरी तिथे बसून करू नकोस.

---

कुडाळचो भाचो

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त भर घालतो. जोडपानांचा विचार करताना एकदा पिंगुळीला जाऊन ये. कुडाळपासून अगदी जवळ. लोककलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण तिथे आहे. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची लोककला, तिच्या पोथ्या बघ. एक चित्र पुढे ठेवलं जातं, गाणं होतं, मग पुढचं. गोष्टीतलं बरंचसं चित्रात काढलेलंच नसतं, ते सांगणारा गळ्यातून देतो. मी ॲनिमेशनमध्ये आहे आणि कुठला क्षण काढायचा व कुठला सोडायचा, हे मला तिथे जितकं समजलं तितकं कुठल्या वर्गात समजलं नाही. तुझ्या पुस्तकातही शब्द आहेतच, चित्राने सगळं सांगायची गरज नाही.

---

खडपावरची रेघ

अकरा दिवसांनी लिहितेय, माफ करा. तुमचं उत्तर मी छापून भिंतीला लावलंय, कौलाखालची ताई.

चार वेळा बंदरावर गेले. पहिल्या दिवशी वही न काढणं फार कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी हात काढायला बसले आणि एक गोष्ट दिसली जी मी जन्मापासून पाहतेय आणि कधी पाहिली नव्हती. मासा घेताना बाई आधी त्याचा डोळा बघते, मग अंगठ्याने कल्ला उचलते, आत लाल आहे का ते बघायला. आणि कल्ला उचलताना बाकीची चार बोटं माशाच्या पोटाखाली अशी धरते, जणू बाळाची मान सावरतेय. माझी आजी असंच करायची. ती जाऊन सहा वर्षं झाली.

पहिलं जोडपान आता बदललंय. बाजार नाहीच. डाव्या पानावर आजीचा हात, कल्ला उचललेला, उजव्या पानावर मुलीचा चेहरा, अगदी जवळून, आत डोकावणारा. बाकी सगळं पहाटेचं निळं. बाजार तिसऱ्या जोडपानावर येतो. चौदाही थंबनेल झालीत. डमी शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवली. त्याने कल्ल्याच्या चित्रावर पान उलटू दिलं नाही, "आत काय हाय?" असं तीनदा विचारलं.

प्रकाशनाला पत्र पाठवलं. चार दिवस उत्तर नव्हतं आणि त्या चार दिवसांत मला जेवण गेलं नाही. मग त्यांच्या संपादकबाईंचा फोन आला. मराठी छापील आवृत्ती 5 वर्षं, कॉपीराइट माझा, इतर भाषांचं वेगळं ठरवायचं, मुखपृष्ठावर नाव. पैशाचे टप्पे मान्य, फक्त 30-30-40 ऐवजी 25-25-50. मी हो म्हटलं. करेक्शनच्या फेऱ्यांवर अजून बोलणं चालू आहे. उद्यम नोंदणी सही करण्याआधी झाली.

आईला अजून बसवलेलं नाही. रविवारी बसवणार आहे. पिंगुळीला डिसेंबरात जाते, कुडाळचे दादा, तुम्ही गावी असाल तर कळवा.

पहिल्या जोडपानाचं नवं रफ जोडतेय.

---

कौलाखालची

बघितलं. दोनदा बघितलं. मुलीची खालची पापणी तशीच ठेव, फायनलमध्ये नीटनेटकी करायला जाऊ नकोस. आणि आजीचा अंगठा कल्ल्यात आणखी थोडा आत जाऊ दे, पेराच्या रेघेपर्यंत.

5 वर्षं संपण्याची तारीख आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

तिसऱ्या जोडपानाचं रफ झालं की टाक. टोपलीतल्या बांगड्यांचे पाठीमागचे बारके पर मला मोजायचे आहेत.